'मॉन्ड' म्हणजे भीक मागणे – हा इंग्लिश शब्द आला कुठून?

उगाच_एक

मंडळी, एक शंका आहे, भाषावाल्यांपैकी कोणी असेल तर प्लीज सांगा. ट्यूडर काळातल्या (म्हणजे साधारण सोळाव्या शतकातल्या) इंग्लंडमधल्या भटक्यांवर आणि भिकाऱ्यांवर एक लेख वाचत होतो, त्यात 'मॉन्ड' नावाचं क्रियापद आलं, अर्थ दिलेला 'भीक मागणे', आणि पुढे नुसतं 'चोरभाषेतला जुना शब्द' एवढं म्हणून लेखक महाशय पुढे सटकले. म्हटलं बघू तरी कुठून आला, तर जी डिक्शनरी हाताशी होती तिच्यात मॉन्ड म्हणजे चक्क आपला मण, वजनाचा. दुसऱ्या एकीत मॉन्ड म्हणजे टोपली. शिवाय ईस्टरच्या आधीचा तो 'मॉन्डी थर्सडे' आहेच, त्या दिवशी राणी-राजे गरिबांना पैसे वाटतात म्हणे, मग तो भिकेशी जोडलेला का? आणि 'डिमांड', 'कमांड' यात पण मांड आहे. हे सगळे एकच शब्द आहेत की वेगवेगळे?

आणि खरी खाज वेगळीच आहे. मॉन्ड ऐकल्याबरोबर डोक्यात 'मागणे'च आलं. मॉन्ड, मांग, माग. संबंध आहे की उगाच आपलं सगळं संस्कृतातून निघालं टाइप प्रकरण?

गप्पीदास

भीक मागायला टोपली घेऊन निघाला, मणभर मिळालं, झालं की, तिन्ही अर्थ एकाच वाक्यात बसले. पुढचा प्रश्न आणा.

कोशकीटक

गप्पीदास, तुमची व्युत्पत्ती वाचून एखादा कोशकार राजीनामा देईल.

उगाच_एक, प्रश्न चांगलाय, जरा बैजवार सांगतो, लांबलं तर सहन करा. पहिलं म्हणजे हे चार वेगळे शब्द आहेत, स्पेलिंग योगायोगाने एका ठिकाणी येऊन बसलंय.

टोपलीवाला सगळ्यात जुना. अँग्लो-सॅक्सन इंग्लिशमध्ये 'मांड' म्हणजे विणलेली टोपली, आणि डचमध्ये आजही टोपलीला 'मांड'च म्हणतात. शेक्सपिअरच्या नावावर असलेल्या 'अ लव्हर्स कम्प्लेंट'मध्ये ती दुःखी बाई मॉन्डमधून प्रियकराने दिलेल्या भेटवस्तू काढून नदीत टाकते, तिथे टोपलीच आहे, भीक नाही.

वजनाचा मॉन्ड म्हणजे आपला मण, तो मूळ अरबी-फारसी 'मन'. युरोपात तो पोर्तुगीजांच्या तोंडून गेला आणि शेपटीला तो 'ड' का चिकटला तर इंग्रजांना आधीपासून टोपलीवाला मॉन्ड ओळखीचा होता म्हणून, असा एक अंदाज आहे. १८३३ साली कंपनी सरकारने मणाचं वजन १०० ट्रॉय पौंड असं ठरवून टाकलं, म्हणजे साधारण ३७.३ किलो. पण याचा तुमच्या प्रश्नाशी काही संबंध नाही, सोडून द्या.

मॉन्डी थर्सडेचा उगम लॅटिन 'मंडातुम' म्हणजे आज्ञा. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने शिष्यांचे पाय धुतले आणि 'मी तुम्हाला नवी आज्ञा देतो, एकमेकांवर प्रेम करा' असं म्हटलं, योहानाच्या शुभवर्तमानात ते आहे, लॅटिनमध्ये ते 'मंडातुम नोवुम', आणि त्या दिवसाच्या प्रार्थनेत हेच शब्द गायचे म्हणून दिवसाचंच नाव पडलं. पुढे राजे लोक गरिबांचे पाय धुवायला लागले, मग पाय धुणं बंद झालं आणि पैसे राहिले. आता राजाचं जेवढं वय तेवढे पुरुष आणि तेवढ्याच बायका निवडतात आणि त्यांना एक, दोन, तीन, चार पेनीची चांदीची छोटी नाणी देतात. त्यामुळे दानाच्या टोपलीवरून मॉन्डी किंवा भिकेवरून मॉन्डी अशा ज्या गोष्टी लोक सांगतात त्या नंतर रचलेल्या आहेत. ऐकायला मस्त वाटतात हे मान्य.

आता तुमचा भिकेचा मॉन्ड. हा छापील स्वरूपात पहिल्यांदा दिसतो १५६७ साली, टॉमस हार्मन नावाच्या केंट परगण्यातल्या जमीनदाराच्या पुस्तकात. हा माणूस आजारपणामुळे बराचसा घरीच असायचा, आणि दारात येणाऱ्या प्रत्येक भिकाऱ्याला, भटक्याला उभं करून खोदून खोदून विचारायचा, तू कुठला, काय करतोस, तुमच्यात याला काय म्हणतात. त्यातून त्याने भामट्यांच्या जातकुळी लिहिल्या आणि शेवटी त्यांच्या भाषेचा एक छोटा कोश दिला. त्या कोशात 'टू मॉन्ड' म्हणजे विचारणे किंवा मागणे. गंमत बघा, तिथे नुसतं 'मागणे' आहे, भीक शब्द नाही. ज्यांचा धंदाच तो, ते कशाला वेगळं सांगतील!

त्यावरून 'मॉन्डर' म्हणजे भिकारी, 'मॉन्डिंग' म्हणजे भीक मागणं. १७८५ मध्ये फ्रान्सिस ग्रोसने रस्त्यावरच्या भाषेचा जो कोश काढला त्यातही तो आहे.

बाकी उगम उद्या लिहितो, जेवायला हाक आलीय.

निळी_शाई

कोशकीटक जेवेपर्यंत मी बोलते. मला वाटतं उगाच_एक यांची शंका तितकी उगाच नाहीये. रोमानी लोक, ज्यांना इंग्लंडात 'जिप्सी' म्हणायचे कारण ते इजिप्तहून आले असा समज होता, ते मूळचे भारतातले आणि त्यांची भाषा आपल्या भाषांच्या गोतावळ्यातली. रोमानीत 'मांग-' हा धातू आहे, अर्थ मागणे, हवं असणे, काही बोलींमध्ये तर 'मांगाव तुत' म्हणजे सरळ 'तू मला हवी आहेस', प्रेमाची कबुलीच. इंग्लंडमधल्या रोमानीत तो 'मॉन्ग' होतो आणि तिथे अर्थ भीक मागणेच. आणि हे लोक ट्यूडर काळात इंग्लंडात होतेच की, १५३० मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात त्यांना देशाबाहेर काढायचा कायदाच झाला होता, सोळा दिवसांत निघा म्हणून. म्हणजे माणसं होती, रस्त्यावर होती, तोंडात 'मांग' होतं, आणि पुढच्या पिढीत भिकाऱ्यांच्या भाषेत 'मॉन्ड' सापडतो. मला तर हे सरळ दिसतंय.

आपलं 'मागणे' पण बघा ना. संस्कृत 'मार्ग्' म्हणजे शोधणे, माग काढणे, त्याचं प्राकृतात 'मग्गइ', त्यातून मराठी मागणे, हिंदीत अनुस्वार घेऊन मांगना, आणि तोच अनुस्वारवाला धातू रोमानी लोक सोबत घेऊन युरोपात गेले. म्हणजे जंगलात हरणाचा माग काढणं आणि दारात उभं राहून मागणं हे मुळात एकाच धातूचं.

गप्पीदास

निळी शाई जिंदाबाद. विश्वगुरू.

निळी_शाई

अहो विश्वगुरू काय, मी रोमानीबद्दल बोलतेय. त्या बिचाऱ्यांना कोणी गुरू म्हटलं नाही, हाकलून दिलं.

कोशकीटक

आलो. निळी_शाई, रोमानी 'मांग-' आणि आपलं 'मागणे' सख्खी भावंडं, यात शंकाच नाही, ते अगदी बरोबर लिहिलंय तुम्ही. पण मॉन्डला त्या घरात घ्यायला माझा हात होत नाही, का ते सांगतो.

एक तर तो 'ड'. मांग, मॉन्ग यातून 'ग' जाऊन 'ड' यायला काहीतरी कारण पाहिजे, आणि इंग्लिशमधल्या रोमानीत तो धातू पुढची तीनशे वर्षं 'ग' सकटच टिकलाय, मग याच एका शब्दात का बिघडावा? दुसरं, हार्मनचा तो कोश पूर्ण वाचला तर त्यात रोमानी जवळजवळ नाहीच. आणि असं नाही की तेव्हा रोमानी ऐकणारं कोणी नव्हतं, अँड्रू बोर्ड नावाच्या एका वैद्याने १५४० च्या दशकातच 'इजिप्शियन बोली' म्हणून रोमानीची थोडी वाक्यं लिहून ठेवलीत (त्यातलं एक 'पोरी, मला ब्रेड नि वाईन दे' अशा अर्थाचं आहे, त्यात 'दा' म्हणजे दे, तुम्हाला आवडेल). ती वाक्यं आणि हार्मनचे शब्द शेजारी ठेवा, दोन वेगळ्या भाषा आहेत हे शाळेतलं पोर पण सांगेल.

मग हार्मनच्या यादीत काय आहे? ब्रेडला 'पॅनम', चीजला 'कॅसन'. लॅटिन 'पानिस' आणि 'कासेउस' दिसतायत ना सरळ? म्हणजे मठातून बाहेर पडलेले, अर्धवट शिकलेले, कुठल्यातरी चर्चच्या आसपास वाढलेले लोक या टोळ्यांत होते, किंवा निदान त्यांचे शब्द तरी होते. मठ तर हेन्रीने १५३६ ते १५४० मध्ये बंदच पाडले होते. बाकी शब्द साधे इंग्लिशच, पण वळवलेले, म्हणजे दिवस म्हणजे 'लाइटमन्स', रात्र म्हणजे 'डार्कमन्स'. दारू पिण्याला 'बाऊज', ज्याचं आजचं 'बूझ' झालं, ते बहुधा डच बाजूचं.

या संगतीत मॉन्ड ठेवला तर फ्रेंच-लॅटिन उगम जास्त बसतो. दोन उमेदवार आहेत. एक फ्रेंच 'माँदिए', भीक मागणे, लॅटिन 'मेंडिकारे' मधून आलेला. दुसरा 'केमाँदे', त्याचं जुनं रूप 'काइमाँदे', अर्थ तोच, आणि तो आजच्या फ्रेंचमध्येही जिवंत आहे, एखादा मागे लागून लागून काहीतरी मागतो ना, ते केमाँदे. कोशकार खात्रीने एकाचं नाव घेत नाहीत, 'बहुधा', 'कदाचित' लावूनच लिहितात.

मला स्वतःला दुसरा जास्त पटतो. त्यातला पहिला 'के' गळला की मॉन्ड उरतोच, आणि इंग्लिशला फ्रेंच शब्दांची मुंडी उडवायची जुनी खोड आहे, 'एस्तोरी'तून 'स्टोरी', 'डिफेन्स'मधून 'फेन्स', 'डिस्पोर्ट'मधून 'स्पोर्ट' असंच झालं. आणि स्वर पण जुळतो, फ्रेंचमधला तो नाकातला 'आँ' त्या काळी इंग्लिशमध्ये 'ऑन' होऊन यायचा, 'हॉन्ट', 'डॉन्ट', 'व्हॉन्ट' सगळे तसेच आलेत, एवढंच कशाला तेव्हा 'डिमांड' आणि 'कमांड' पण मध्ये यू घालून लिहायचे.

आणि हो, तुमचा डिमांडचा प्रश्न राहिला. डिमांड, कमांड, मॉन्डी हे तिघे लॅटिन 'मंडारे'चे, म्हणजे सोपवणे, आज्ञा करणे. मॉन्डचा तो बाप नाही, पण काइमाँदेचं आजचं 'केमाँदे' हे रूप फ्रेंच 'देमाँदे' म्हणजे विचारणे, याच्या नादाने झालं म्हणतात, तेव्हा लांबून वारा लागलाय एवढं म्हणू.

उगाच_एक

जबरदस्त, धन्यवाद! माँदिए उमेदवार असेल तर 'मेंडिकंट' पण त्यातलाच ना, भिक्षेकरी साधूंना म्हणतात तो?

कोशकीटक

हो, तो सरळ लॅटिनमधून. 'मेंडिकुस' म्हणजे भिकारी, आणि तो 'मेंडा' म्हणजे दोष, व्यंग यावरून, म्हणजे शरीरात काही व्यंग आहे म्हणून मागून खाणारा. त्याच मेंडावरून 'अमेंड' म्हणजे दोष काढणे आणि त्याचीही मुंडी उडवून 'मेंड', दुरुस्त करणे. म्हणजे चप्पल मेंड करणं आणि मेंडिकंट हे चुलत भाऊ. आणि निळी_शाईंसाठी एक बक्षीस, वैदिक संस्कृतात 'मिन्दा' शब्द आहे, अर्थ शरीरातला दोष, तो या मेंडाचा नातेवाईक मानतात. तेव्हा मॉन्ड जर माँदिएतून आला असेल तर संस्कृत नातं निघतंच, पण 'मागणे'शी नाही, मिन्दाशी, आणि तेही आजोबांच्या आजोबांच्या पातळीवरचं.

तिरकट

सगळं छान चाललंय पण मला एक मूलभूत शंका आहे, हा शब्द खरंच कोणी बोलत होतं का? म्हणजे हार्मनसाहेब गावचे मोठे जमीनदार, दारात आलेल्या भिकाऱ्याला दरडावून विचारणार तुमच्या गुप्त भाषेत याला काय म्हणतात, आणि तो भिकारी बिचारा दोन घास आणि पेनी मिळेल म्हणून जे तोंडात येईल ते ठोकून देणार. मी असतो तर दिले असते शब्द तयार करून. नंतरच्या लोकांनी तर सरळ कॉपी मारली, नाटककार टॉमस डेकरने १६०८ मध्ये भामट्यांवर जी पुस्तकं काढली त्यात हार्मनचा माल जवळजवळ जसाच्या तसा आहे. मग ग्रोसपर्यंत दोनशे वर्षं हीच यादी या पुस्तकातून त्या पुस्तकात. याला शब्द जिवंत होता म्हणायचं का?

शिवाय हार्मनचा हेतू पण बघा. भिकाऱ्यांची गुप्त भाषा आहे, संघटना आहे, पदं आहेत असं सांगितलं की कायदे कडक करायला बरं. १५३१ मध्ये म्हाताऱ्या-अपंगांना परवाना घेऊन ठरलेल्या हद्दीत भीक मागायची मुभा आणि धडधाकट भटक्यांना नागडं करून गाडीला बांधून फटके. १५४७ मध्ये तर काम न करणाऱ्याच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने 'व्ही' डागायचा आणि दोन वर्षं गुलाम म्हणून द्यायचा असा कायदा केला, तो इतका भयानक होता की कोणी धड राबवलाच नाही आणि लवकरच रद्द झाला. १५७२ मध्ये कानाला भोक पाडणं आलं. या वातावरणात भिकाऱ्यांच्या तोंडी घातलेल्या शब्दांवर मी तरी डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही.

निळी_शाई

तिरकट, मुद्दा रास्त आहे आणि खरं तर या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. भिकारी स्वतः काय म्हणायचे ते त्यांनी कुठे लिहून ठेवलंय! जे आहे ते न्यायाधीश, जमीनदार आणि नाटककारांच्या हातून आलेलं.

कोशकीटक

तिरकट, अर्धं मान्य. कॉपीबद्दल तर शंभर टक्के, चोरभाषेचे कोश हा स्वतःच एक चोरीचा धंदा होता.

पण मॉन्डच्या बाबतीत मला तो बोलला जात होता असं वाटतं, कारण तो नुसता यादीत पडून राहिला नाही, त्याला पिल्लं झाली. ग्रोसच्या कोशात बघा, 'मेसन्स मॉन्ड', 'सोल्जर्स मॉन्ड', 'फुटमन्स मॉन्ड' असे प्रकार आहेत, आणि हे हार्मनमध्ये नाहीत. मेसन्स मॉन्ड म्हणजे कोपराच्या वर खोटी जखम, गवंडीकाम करताना परातीवरून पडून हात मोडला असं दाखवायला. सोल्जर्स मॉन्ड म्हणजे मी अमक्या वेढ्यात, तमक्या लढाईत जखमी झालेला शिपाई. आणि फुटमन्स मॉन्डची तर रेसिपीच दिलीय, कळीचा चुना, साबण आणि जुन्या लोखंडाचा गंज एकत्र करून तळहाताच्या मागच्या बाजूला लावायचा, कातडी सोलून निघून अशी जखम दिसते की घोड्याने चावा घेतला किंवा लाथ मारली. बड्या घरचा नोकर, घोड्यांची सेवा करता करता हात गेला, मालकाने काढून टाकलं, अशी स्टोरी त्याच्यासोबत. चुना आणि साबण कातडीवर चोळून ठेवणं म्हणजे जखम खोटी पण आग खरीच, दिवसभर.

(परात म्हणजे इमारतीला बांधतात ती लाकडी परांची म्हणायचं होतं, मोबाईलने घोळ घातला.)

म्हणजे तोपर्यंत मॉन्ड हे नाम झालं होतं, 'भीक मागण्याची युक्ती' या अर्थाने, आणि त्याचे प्रकार पडत होते. नुसत्या कॉपी केलेल्या मेलेल्या शब्दाला असे उपप्रकार फुटत नाहीत. बाकी हार्मनच्या काळीही सोंगं होतीच, तोंडात साबण ठेवून फेस काढणारा आणि मिरगी आलीय म्हणून रस्त्यात पडणारा 'काउंटरफिट क्रँक', मुका असल्याचं दाखवणारा 'डॉमरर'. पहिल्या प्रकारच्या एका इसमाचा तर हार्मनने लंडनमध्ये पाठलाग करवून त्याला उघडा पाडला, ते प्रकरण त्याने चवीने लिहिलंय. तिरकट म्हणतात तो द्वेष त्यात आहेच, नाही म्हणत नाही.

गप्पीदास

परात काय अन् परांची काय, पडला तो पडला.

पण साबणाचा खर्च बघता धंद्यात भांडवल लागायचं हे दिसतंय.

स्वल्पविराम

सायलेंट रीडर, पण इथे राहवलं नाही. तुम्ही सगळे लंडनच्या आसपास फिरताय, जरा वर स्कॉटलंडला चला. भीक मागण्यासाठीचा मला सगळ्यात आवडता जुना शब्द 'थिग'. उत्तर इंग्लंड आणि स्कॉट्समध्ये थिग म्हणजे मागणे, पण त्याचा एक खास अर्थ असा की नवीन शेती किंवा नवीन संसार थाटणारा माणूस ओळखीपाळखीच्या, नात्यातल्या घरी जाऊन पेरणीला धान्य, लोकर असं काहीबाही मागून आणायचा, त्याला थिगिंग म्हणायचे, आणि त्यात कमीपणा नव्हता. आज तुझं घर बसतंय तर आम्ही देतो, उद्या आमच्या पोराचं बसेल तेव्हा तू दे.

याचा उगम तुमच्या मॉन्डपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेत, 'थिग्या' म्हणजे घेणे, स्वीकारणे, मिळणे. जुन्या इंग्लिशमध्येही त्याचं भावंड होतं, 'थिजन' असं काहीसं उच्चारलं जाणारं, अर्थ घेणे, विशेषतः अन्न-पाणी घेणे. पण थिगमधला कडक 'ग' सांगतो की हा शब्द व्हायकिंग लोकांसोबत आलाय, देशी असता तर शेवटी 'ज' ऐकू आला असता. 'ब्रिज'ला उत्तरेकडे 'ब्रिग' म्हणतात ना, तसंच हे. स्वीडिशमध्ये 'टिग्गा' आणि डॅनिशमध्ये 'टिगे' म्हणजे आजही भीक मागणे. आणि आइसलँडिकमध्ये मात्र 'थिग्या' अजून स्वीकारणेच, कोणी कॉफी विचारली आणि तुम्ही घेतली तर ते थिग्या. एकाच शब्दाने एका बेटावर पाहुणचार घ्यायचा आणि समुद्रापलीकडे भीक मागायची.

स्कॉटलंडात त्याच्या जोडीला 'सॉर्न' पण आहे, म्हणजे कोणाच्या तरी घरी फुकट राहायला-जेवायला ठिय्या मारणे, गेलिक बाजूचा शब्द, जुन्या आयरिशमध्ये सरदाराच्या शिपायांना लोकांनी फुकट ठेवून घ्यायचं त्या पद्धतीवरून आलेला. हे प्रकरण थिगसारखं सालस नव्हतं, घोडे-कुत्रे घेऊन दारात येणार आणि जात नाही म्हणणार. १४४९ मध्ये दुसऱ्या जेम्सच्या पार्लमेंटने सॉर्नरांविरुद्ध कायदा केलाय आणि त्यात घोडे आणि शिकारी कुत्री घेऊन फिरणाऱ्या 'दांडग्या भिकाऱ्यां'चा उल्लेख आहे. वॉल्टर स्कॉटच्या 'रॉब रॉय' कादंबरीतही डोंगराळ भागातल्या लोकांबद्दल तक्रार करताना थिगिंग-सॉर्निंग अशी जोडगोळी येते.

तिरकट

घोडा आणि कुत्री बाळगणारा भिकारी! याला आमच्यात पाहुणा म्हणतात.

उगाच_एक

स्वल्पविराम, सायलेंट राहू नका हो, असं काही असेल तर टाकत जा.

अजून एक विचारायचं राहिलं. आजच्या इंग्लिशमध्ये 'मॉन्डर' म्हणजे उगाच लांबण लावून असंबद्ध बोलणे. तो आणि भिकारी मॉन्डर एकच का? आणि 'मिअँडर'शी काही? आणि साधं 'बेग' कुठून आलं मग, तो तरी सोपा असेल.

कोशकीटक

मिअँडर नाही. ती तुर्कस्तानातली नदी, ग्रीक लोक तिला मायअँड्रोस म्हणायचे, आता ब्युयुक मेंडेरेस, नागमोडी वाहते म्हणून तिचं नावच क्रियापद झालं. मॉन्डर आणि मिअँडर लोक आता एकमेकांत मिसळतात कारण दोन्हीत भरकटणं आहे.

मॉन्डरचं मात्र भिकाऱ्याशी नातं असू शकतं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मॉन्डर क्रियापद म्हणून भीक मागणे या अर्थाने सापडतं, लगेच पुढच्या काही वर्षांत पुटपुटणे, कुरकुर करणे, मग अठराव्या शतकात इकडे तिकडे भटकणे आणि एकोणिसाव्यात असंबद्ध बडबडणे. दारात उभा राहून रडक्या सुरात तेच तेच म्हणणारा माणूस डोळ्यासमोर आणा, पुढचे सगळे अर्थ निघतात. सगळेच कोशकार हे मानत नाहीत, काहींच्या मते कुरकुरवाला मॉन्डर नुसत्या आवाजावरून झाला असेल, 'मंबल' सारखा. पण मला भिकाऱ्याचा माग जास्त पटतो, कारण असंच 'कँट'चं पण झालंय, लॅटिन 'कांतारे' म्हणजे गाणे, त्यावरून भिकाऱ्यांचा गाऊन मागण्याचा सूर, त्यावरून त्यांची भाषा, आणि शेवटी ढोंगी बोलणं.

'बेग' सोपा? अहो त्याचाच उगम सगळ्यात भांडणाचा. साधारण १२०० च्या सुमारास अचानक उगवतो. एक मत, जुन्या इंग्लिशमध्ये 'बेडेकियन' असं क्वचित सापडणारं क्रियापद आहे, नवव्या शतकातल्या आल्फ्रेड राजाच्या भाषांतरात, त्यातून. दुसरं मत, बाराव्या शतकात आजच्या बेल्जियममधल्या लिएज शहरात लँबेर नावाचा धर्मोपदेशक होता, त्याला 'ल बेग' म्हणजे तोतरा म्हणायचे, त्याच्याशी नाव जोडलं गेलेल्या बायकांच्या संघाला 'बेगीन', पुरुषांच्या संघाला 'बेगार्ड', आणि हे बेगार्ड मागून खाणारे म्हणून 'बेगर', आणि बेगरची शेपटी काढून 'बेग'. म्हणजे आधी भिकारी आला मग भीक मागणं आलं. हा दुसरा रस्ता चमत्कारिक वाटतो पण इंग्लिशमध्ये असं होतं, 'एडिटर' आधी आला आणि 'एडिट' नंतर.

निळी_शाई

'कॅज' पण तसाच ना? कॅजर म्हणजे आधी घोड्यावर ओझं लादून गावोगाव अंडी-कोंबड्या विकणारा फेरीवाला, मग फिरता भिकारी, आणि त्यावरून कॅज. जेम्स हार्डी व्हॉक्स नावाच्या ऑस्ट्रेलियात पाठवलेल्या एका कैद्याने १८१२ मध्ये चोरभाषेचा कोश केला त्यात कॅज म्हणजे भीक मागणे असं दिलंय. तिरकट, हा बघा, इथे लिहिणारा स्वतः त्यातला होता, जमीनदार नाही.

तिरकट

तो तुरुंगातल्या कमांडंट साहेबाला खूश करायला लिहीत होता. पण चला, याला अर्धा मार्क वाढवून देतो.

स्वल्पविराम

'मंप' राहिला. डच 'मोंपेन' म्हणजे फसवणे, त्यावरून सतराव्या शतकात मंप म्हणजे भीक मागणे आणि मंपर म्हणजे भिकारी. ग्रोस म्हणतो की मंपर आधी जरा बऱ्या घरचा वाटणारा भिकारी असायचा, मग सरसकट सगळ्यांना लागू झाला. पण २१ डिसेंबर, संत थॉमसचा दिवस, इंग्लंडच्या काही भागांत 'मंपिंग डे' होता, त्या दिवशी गरीब बायका, त्यातही विधवा, घरोघर जाऊन नाताळसाठी गहू किंवा पैसे मागायच्या आणि लोक द्यायचे. फसवण्यावरून निघालेला शब्द शेवटी विधवांच्या हक्काच्या दिवसाला लागला, काय बोलणार.

उगाच_एक

मग मॉन्ड आज कोणी वापरतं का? म्हणजे एखाद्या गोष्टीत भिकाऱ्याच्या तोंडी घातला तर चालेल?

कोशकीटक

बोलण्यात कोणी वापरत नाही, ग्रोसनंतर तो कोशातच राहिला. १५६० ते १७०० मधल्या काळाची गोष्ट असेल आणि माणूस इंग्लंडच्या रस्त्यावरचा असेल तर बिनधास्त घाला. फक्त शेतकऱ्याच्या किंवा पाद्र्याच्या तोंडी देऊ नका, ते 'बेग'च म्हणतील. आणि पात्र स्कॉटिश असेल तर थिग.